दादाच्या बाजूचा पत्रा

मंडळी, आज दुपारपासून हातोडा उचलवत नाही.

कराडजवळ हायवेवरच्या एका हॉटेलसाठी भिंतीएवढा तांब्याचा पत्रा आम्ही दोघे भाऊ ठोकत होतो. एका टोकाकडून मी, दुसऱ्याकडून दादा. तो डावखुरा, त्यामुळं त्याच्या ठोक्यांचे खळगे उलटे कलतात. गेल्या महिन्यात छातीत कळ आली आणि दादा गेला.

मधलं उरलेलं मी एकट्यानं पुरं केलं. आज मालकानं बघितलं. म्हणाला, "दोन बाजू वेगळ्या दिसतात. तिकडची परत ठोकून सारखी करा."

मी हातोडा उचलला, तशी वहिनी आडवी आली.

"भावजी, पत्रा मोडीत घाला. पर त्यांच्या ठोक्यावर ठोका नगा मारू."

मोडीत घातला तर दादाचे ठोके वितळणार. ठोकला तर बुजणार. सांगा गड्यांनो, काय करू?