मांजरसुंब्याजवळचा वॉटर पार्क आणि माझी एक घसरगुंडी

उशीर झाला, हे आधीच कबूल करतो. मे महिन्यात आम्ही वॉटर पार्कला जाऊन आलो आणि लिहायला बसलो ते आता, जून सरत आल्यावर. कपिलधारच्या सहलीवर लिहिलं होतं तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं होतं, की लेकराबाळांना घेऊन आपल्या बीड जिल्ह्यात एक दिवस कुठं जावं. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, माफी असावी. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यात मोबाइलवर एका बोटानं लिहितो. पण उशिराचं खरं कारण वेगळं आहे. त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. ती लिहावी की झाकावी, हे ठरत नव्हतं. झाकून लिहिलं तर वाचणाऱ्याच्या काय कामाचं, म्हणून सगळं लिहितो.

आम्ही परळीचे. किराणा दुकान होतं, ते आता पुतण्या बघतो. मुलगा महेश आणि सून पल्लवी पुण्यात असतात. त्यांची मुलगी गौरी सव्वापाच वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली ती एकच बोलणं घेऊन, "आजोबा, आपण पाण्याच्या घसरगुंडीवर जायचंय." वर्गातल्या कुठल्यातरी मैत्रिणीनं तिला ते सांगितलं होतं. मग दिवाणावर उशा लावून तिची घसरगुंडी सुरू झाली. सकाळी उठली की घसरगुंडी, दूध प्यायली की घसरगुंडी. आजीला खाली 'पाणी' म्हणून बसवायची. महेशनं शोध घेतला, मांजरसुंब्याच्या अलीकडे हायवेपासून थोडं आत एक पार्क निघाला. नाव लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखं वाटेल. मांजरसुंब्यात कुणालाही विचारा, सांगतात.

जायचं ठरलं आणि माझी झोप गेली. माझा स्वभावच तसा. गॅस बंद केला का, हे बघायला मी बसस्टँडवरून परत आलेला माणूस आहे. आठ दिवस मोबाइलवर पाण्यातल्या अपघातांचेच व्हिडिओ बघितले. एक बघितला की मोबाइल आपणहून दुसरा दाखवतो. पिशवीत साखर-मीठ, खोबरेल, कापूर, कापूस, दोन टॉवेल जास्तीचे घेतले. गौरीच्या फ्रॉकला आतून एक चिठ्ठी शिवायला काढली, नाव-पत्ता-फोन नंबर लिहून. तिची आजी बघत होती.

"लेकरू हाय का पोस्टाचं पार्सल?" ती म्हणाली. "तिकीट पण लावा कपाळाला."

मी चिठ्ठी शिवलीच.

बुधवारी सकाळी सहाला निघालो. शनिवार-रविवार टाळा, लई गर्दी असते म्हणतात. परळी, अंबाजोगाई, केज, नेकनूर असा रस्ता. अंबाजोगाईचा घाट सकाळच्या थंडाव्यात चढलो हे बरं झालं. केजला चहा आणि गरम भजी घेतली, तिथून पुढं रस्ता चांगला आहे. थांबत-थांबत गेलं तरी तीन तास पुष्कळ होतात.

आता माझी चूक सांगतो. गाडीत गौरी माझ्या शेजारी बसली होती. परळी सुटल्यापासून मी तिला समजावत होतो. पाण्याच्या कडेला उभं राहायचं, आत जायचं नाही. पाणी वरून शांत दिसतं, आतून पाय ओढतं. नाकातून पाणी मेंदूत जातं. पायाखाली शेवाळं असतं. आईचा हात सुटला की संपलं. पल्लवी पुढून दोनदा म्हणाली, "आप्पा, तिथं गुडघाभर पाणी असतं हो." मी म्हणालो, "गुडघाभर पाण्यातच माणूस गाफील असतो."

केजपर्यंत गौरी प्रश्न विचारत होती. नेकनूर गेलं तेव्हा ती गप्प होती, माझं बोट धरून. मला बरं वाटलं. लेकरानं ऐकलं, असं मी मनात म्हणालो.

नऊला फाटकाशी पोचलो. तिकीट मोठ्या माणसाला पाचशे, लहानांना साडेतीनशे. पहिला खोडा फाटकावरच बसला. आजीनं पहाटे उठून बावीस धपाटे केले होते, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा. फाटकावरचा माणूस पन्नाशीचा, मिशीवाला.

"काकू, बाहेरचं खाणं आत न्हाई न्यायचं."

"बाहेरचं कुठं? घरचं हाय की!" आजी म्हणाली.

"घरचं म्हंजेच बाहेरचं. नियम हाय."

"मंग आमी पण घरचेच हाव. आमालाबी न्हाई सोडणार का?"

तो हसला, पण डबा काही सोडेना. शेवटी फाटकाबाहेरच्या लिंबाखाली चादर टाकली आणि सकाळी नऊला जेवायला बसलो. बावीस कुठं संपतात! आजीनं तीन धपाटे कागदावर घालून त्या मिशीवाल्याला नेऊन दिले. "ह्यो तुमच्या आत जातोय, चालतंय ना?" असं विचारून आली. उरलेले गाडीत ठेवले. तुम्ही जाल तेव्हा नाश्ता वाटेत उरका. आत पोहे, वडापाव, थाळी सगळं मिळतं, पण बाहेरच्या दीडपट भावानं.

आत गेल्यावर पाण्यात उतरणाऱ्यांना नायलॉनचे कपडे सक्तीचे. सुती चालत नाहीत. आपले असतील तर न्या, नाहीतर भाड्यानं मिळतात. लॉकरही घ्या. आणि पायातल्या चपला कडेपर्यंत सोडू नका, अकरानंतर फरशी तव्यासारखी तापते. मी धोतर-टोपीत सावलीला खुर्ची धरून बसलो. माझा पाण्याशी संबंध अंघोळीपुरता, असं ठरवूनच आलो होतो.

लहान मुलांचा हौद खरोखरच गुडघाभर होता. निळी फरशी, मधे छत्रीसारखं कारंजं, पलीकडे पिवळी घसरगुंडी. वीसेक मुलं किंचाळत होती. महेश आणि पल्लवी आत उतरले. गौरी पिवळी टोपी घालून कडेला उभी राहिली, आणि उभीच राहिली.

"ये की गं," पल्लवीनं हात पुढं केला.

गौरी दोन पावलं मागं सरकली.

"अगं, एवढे दिवस उशांवरून घसरत होतीस ना?"

"पाणी पाय ओढतं," ती म्हणाली. "आजोबा म्हणाले. आतून ओढतं. वरून दिसत नाही."

पल्लवीनं उचलून घ्यायचा प्रयत्न केला, तर गौरीनं असा हंबरडा फोडला की सगळा हौद बघायला लागला. ती पळत येऊन माझ्या धोतराला बिलगली. म्हणाली, "आजोबा, आपण दोघं इथंच बसू." आणि खरंच बसली. समोर मुलं घसरत होती, ही मान वाकडी करून बघत होती. प्रत्येक मूल खाली आलं की हिचे पाय आपोआप हलायचे. अर्धा तास असा गेला.

महेश ओलाच येऊन बाजूला टेकला. रागावला नव्हता. रागावला असता तर मी उलट बोललो असतो.

"आप्पा, एक सांगू का? नागापूरच्या धरणावर आमच्या वर्गातली सगळी पोरं पोहायला शिकली. तुमी मला एकदाबी जाऊ दिलं न्हाई."

"बुडाला असतास म्हंजे?"

"न्हाई बुडालो, खरंय. पण आजबी पोहता येत न्हाई मला. ऑफिसचे लोक कुठं गेले की समदे पाण्यात, मी काठावर. त्यांचे कपडे सांभाळतो, मोबाइल सांभाळतो." मग गौरीकडं बघत म्हणाला, "हिचं तसं होऊ नये, एवढंच वाटतं."

चाळीस वर्षांचा मुलगा कपड्यांच्या ढिगापाशी बसलेला डोळ्यांपुढं आला. मी त्याला वाचवलं, असंच मी आजवर समजत होतो.

मी गौरीला विचारलं, "मी आत गेलो तर येशील?"

तिनं लई वेळ विचार केला. "तुमचा पाय ओढला तर?"

"तर तू मला धर."

ही जबाबदारी मिळाल्यावर ती उठली.

भाड्याच्या कपड्यांच्या खिडकीवर साठीच्या घरातल्या एक बाई होत्या. मी माप सांगेना, तर त्याच म्हणाल्या, "या वयात कशाला लाजता बाबा? हितं आमदार काय अन् सालगडी काय, समद्यांच्या चड्ड्या एकच." गुडघ्यापर्यंतची निळी चड्डी आणि वर अर्ध्या बाहीची केशरी बंडी. आजीनं मला बघितलं आणि पदर तोंडात धरून तिकडं वळली. तिचे खांदे हलत होते.

पाण्यात पहिला पाय टाकला तो हौदाची कड दोन्ही हातांनी धरून, खोटं कशाला बोलू. गौरी कडेवरून सूचना देत होती. "हळू. शेवाळं बघा. आता थांबा. ओढतंय का?" नाही ओढत, म्हणालो. "दुसरा पाय टाका. आता?" मी मधोमध जाऊन उभा राहिलो तेव्हा ती आली, माझा अंगठा धरून, बोटांवर चालत. कारंज्याखाली डोकं भिजलं तेव्हा दचकली आणि मग हसली. पण तिला कारंजं नको होतं. तिला ती पिवळी हवी होती, आणि ती एकटी जाईना. आजोबा पुढं हवेत.

वर शिडीपाशी एक धिप्पाड गडी शिट्टी घेऊन उभा होता. त्यानं माझ्या गळ्याकडं बोट केलं.

"काका, हे काढून यावं लागंल. डबी लागती पोरांना, घसरगुंडीलाबी ओरखडे पडतात."

आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. दीक्षा झाल्यापासून ते अंगावेगळं झालेलं नाही आणि जिवंत असेपर्यंत व्हायचं नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, "तुमचं बरोबर हाय काका. पण डबी घालून न्हाई सोडता येत."

आणि खरं लिहितो, मला हायसं वाटलं. देवाचंच कारण मिळालं होतं, त्याच्यापुढं कोण बोलणार? मी गौरीला म्हणालो, "बघ बाळा, आता आपल्याला जाता येत नाही." ती रडली नाही. नुसती शिडी उतरायला लागली, एकेक पायरी, मागं न बघता.

खाली आजी उभी होती.

"काहून आलात खाली?"

मी कारण सांगितलं.

"मोतीबिंदूच्या आप्रेशनला काय केलंतं? दंडाला बांधलंतं की."

"ते आप्रेशन होतं."

"अन् हे?" आजी म्हणाली.

तिनं तिच्याकडं ठेवायला दिलेल्या माझ्या उपरण्याची कड दातानं फाडली. मी डबीतून लिंग काढलं, कपाळाला लावलं, आणि तिनं ते त्या पट्टीत गुंडाळून माझ्या उजव्या दंडाला घट्ट बांधलं, वरून बंडीची बाही ओढली. रिकामी डबी पर्समध्ये टाकली नाही, मुठीत धरून उभी राहिली. शिट्टीवाल्यानं दंड चाचपून बघितला आणि मान हलवली.

वर बसलो. गौरी माझ्या पुढ्यात. खाली बघितलं तर उंची जेमतेम दीड माणूस असेल, पण वरून ती वेगळीच दिसते. माझा हात कठड्यावरून सुटेना.

"आजोबा, सोडा ना."

"सोडतो, सोडतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाबा, उरका की! पोरं म्हातारी व्हायलीत मागं!"

मी डोळे मिटून ॐ नमः शिवाय म्हणालो आणि हात सोडला.

किती वेळ लागला माहीत नाही. दोन श्वास. नाकात पाणी गेलं, मेंदूत गेलं नाही. उठून उभा राहिलो, पहिल्यांदा दंड चाचपला, मग नात चाचपली. गौरी तोंडावरचं पाणी पुसत होती. महेश आणि पल्लवी बघत होते. मला वाटलं, आता रडते.

"परत," ती म्हणाली.

सहा वेळा माझ्याबरोबर, मग आईबरोबर, मग साडेतीनला ती एकटी आली, हात वर करून. महेश त्या गुडघाभर पाण्यात उताणा पडायचा सराव करत होता. त्यालाही मी काही म्हणालो नाही. जीभ दोनदा चावली.

चारला निघा, म्हणजे उजेडात घाट उतरता येतो. आम्ही आधी थोडं पुढं जाऊन मांजरसुंब्याला रबडी खाल्ली. ती चुकवू नका. उरलेले धपाटे केजच्या पुढं संपले. गौरी माझ्या मांडीवर झोपली होती, केसांना क्लोरीनचा वास येत होता. सगळ्यांचा मिळून डिझेलसकट साडेतीन हजारांच्या आत दिवस झाला. पाठ चार दिवस दुखली.

काय उरलं म्हणाल तर सांगतो. भीती गेली नाही. या वयात ती जायची नाही. पण ती माझी आहे, लेकरांच्या डब्यात भरून द्यायची वस्तू नाही, एवढं कळलं. कळायला लई उशीर झाला, महेशच्या बाबतीत तर फारच.

परवा पल्लवीचा निरोप आला. पुण्यात बापलेक दोघांचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलंय, या सोमवारपासून. तेव्हापासून मी मोबाइल हातात घेतो आणि खाली ठेवतो. फोन मी करणार नाही. केला तर तोंडातून काहीतरी निघेल, कानात कापूस घाला, खोल पाण्याकडं जाऊ नका, असलंच काहीतरी. म्हणून इथं लिहितो, पल्लवी हे गौरीला वाचून दाखवेल.

गौरी, आजोबा काही विचारणार नाहीत. तूच सांग. डोकं पाण्याखाली घातलंस का, बाबा हातपाय मारतात का, आधी कोण तरंगलं. लवकर कळव बाळा. सोमवारी संध्याकाळीच कळव.