दात पाहून घेतलेला टाइपरायटर

आमच्या घरातला टाइपरायटर मामांनी दात पाहून विकत घेतला.

मामा म्हणजे बोरगावचे देवाजीमामा, माझ्या आईचे थोरले भाऊ. आजूबाजूच्या गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी मामांना बोलावणं जायचं. बैलाच्या तोंडात बोटं घालून ते त्याचं वय सांगत, पाठ दाबून स्वभाव सांगत आणि (बैल पसंत नसला तर) मालकाचाही स्वभाव सांगत. टाइपरायटर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण महागाची वस्तू घ्यायची तर मामा सोबत हवेत, असा आमच्या घरचा कायदा होता. ती वस्तू चारा खाते की नाही, हे कुणी विचारत नसे.

झालं असं की छिंदवाड्याच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्टच्या जागा निघाल्या. मी सौंसरच्या क्लासमध्ये हिंदी टायपिंग शिकले होते, अर्ज केला होता, बोलावणंही आलं. त्यात एक अट होती: परीक्षेला मशीन ज्यानं त्यानं आपली आणायची. तेव्हा असंच असे. उमेदवार एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन परीक्षेला जात. क्लासच्या सरांनी मला एक मशीन कबूल केली होती. परीक्षेला दोन दिवस उरले तेव्हा सरांच्या लक्षात आलं की आपल्याला एक भाचा आहे, तोही परीक्षेला बसतो आहे आणि त्यालाही मशीन लागते.

मी घरी येऊन रडले. बाबा लाइनमन. उभं आयुष्य विजेच्या खांबांवर चढून पोरीला खुर्चीवर बसलेली पाहायची, एवढीच त्यांची हौस. सायकल घ्यायला म्हणून त्यांनी जे काही बाजूला टाकलं होतं, ते काढून त्यांनी आईच्या हातात ठेवलं.

"सायकल कायले पाह्यजे? पाय हायत न मले," बाबा म्हणाले. "देवाजीले निरोप धाडा. उद्या सकाळच्या गाडीनं दोघं नागपूरले जा. अन् सुजाता, एक ध्यानात ठेव. कीबोर्ड हिंदी पाह्यजे. नागपूरवाले मराठी गळ्यात मारतीन."

मराठी बोलणारा आमचा भाग हिंदी राज्यात गेलेला, त्याचं हे जुनं दुखणं. बोलायचं मराठीत, भांडायचं मराठीत, आणि नोकरीला लागायचं हिंदीत. शेजारच्या प्रत्येकानं मला हीच सूचना केली. दूधवाल्यानंसुद्धा केली. त्यामुळे नागपूरला पोचेपर्यंत या एका संकटासाठी मी पुरती सज्ज होते. बाकीच्या संकटांविषयी कुणी काही बोललंच नव्हतं.

सीताबर्डीवरच्या दुकानात जुने टाइपरायटर मिळत. दुकानदार टापटीप माणूस, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. त्यानं हिंदी कीबोर्डच्या दोन मशिनी समोर ठेवल्या. एक पिस्ता रंगाची, फायबरच्या अंगाची, हलकी, कडेवर घ्यावी अशी. दुसरी काळी, सगळी लोखंडी, हलवायला दुकानदाराला दुसऱ्या माणसाला हाक मारावी लागली. मी आधी पिस्ता मशिनीवर बोटं ठेवली. काय त्या किल्ल्या! बोट नुसतं टेकवलं की अक्षर उमटायचं. काळीच्या किल्ल्या खोल आणि कडक, एकेक अक्षर ढकलावं लागायचं. माझा जीव तिथल्या तिथे पिस्त्यावर जडला.

"मामा, हीच घेऊ. बोटं कशी पळतात पाहा."

"थांब," मामा म्हणाले. त्यांनी बाह्या वर केल्या.

त्यांनी दोन्ही मशिनींची वरची झाकणं उघडली. आत अक्षरांच्या काड्या अर्धगोलात बसलेल्या. मामांनी वाकून एकेक काडी हलवून पाहिली. "दात सारे हायत. काळीचा एकबी हालत नाही. हिचे दोन डुलून राहिले." मग त्यांनी दोन्हींच्या पाठीवर तळहात ठेवून भार दिला. पिस्ता मशीन कुरकुरली. काळी गप्प राहिली.

"पाह्यलं? अशी पाठ असलेलं जनावर चिखलात बसते."

"काका, फायबर आहे ते," दुकानदार म्हणाला. "नवीन फॅशन. लोखंडाला आता कोण विचारतं?"

"आमी विचारून राहिलो न."

"मामा, मला ही चालवायची आहे, नांगराला जुंपायची नाही," मी म्हटलं.

"पोरी, वस्तू उचलाले हलकी तं टिकाले बी हलकी."

यापुढे वाद नव्हता. किंमत ठरवायची वेळ आली तेव्हा मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, दुकानदाराचा उजवा हात धरला, त्यावर दुपट्टा टाकला आणि आतून त्याची बोटं दाबायला लागले. बैलबाजारात सौदा असाच होतो. चार लोकांसमोर भाव बोलायचा नसतो, कापडाखाली बोटांनी सांगायचा. पण सीताबर्डीवरच्या माणसाला ते काय ठाऊक! त्याला वाटलं, मामा हात पाहून भविष्य सांगतायत.

"काय म्हणता, काही योग आहे का?" त्यानं विचारलं.

"आमचं हे हाय. तुमचं बोला," मामा म्हणाले आणि आणखी एक बोट दाबलं.

दुकानाबाहेर लोक जमले. मी लाजेनं भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शेवटी मी मध्ये पडून त्याला तो प्रकार समजावला, आणि तो इतका हसला की मामांनी हात सोडावा या अटीवर त्यानं भाव कमी केला. काळी मशीन आमची झाली.

मशिनीची मूळ पेटी हरवली होती. मामांनी बाजारात जाऊन संत्र्याची एक रिकामी लाकडी पेटी आणली, तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, बिछाना केला, त्यात मशीन निजवली, वरून आणखी तणस घातलं आणि फळ्या ठोकल्या. "संत्रं फुटत नाही, हे काय फुटन?" एवढं म्हणून त्यांनी पेटी बसच्या टपावर चढवली. कंडक्टर पेटीकडे पाहतच राहिला. नागपूरहून सौंसरला संत्री नेणारे प्रवासी त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आले असावेत. सौंसरला ज्याच्या घराला कुंपण आहे त्याच्याकडे संत्र्याचं झाड आहे.

दुपार कलता कलता आम्ही सौंसरच्या स्टँडवर उतरलो. पेटी खाली घेतली. घर लांब, पेटी जड. मामा ठेला आणायला निघाले.

"मी येवोस्तर हलू नको. पेटीवर नजर ठेव."

"ठेवते."

आणि मी ठेवलीही होती. पण दुसऱ्या दिवशी परीक्षा. पेटीशेजारच्या ओट्यावर बसले, बोटं गुडघ्यांवर आपोआप चालू लागली. किल्ल्या आता खोल, तेव्हा जोर किती लावायचा याचा हिशेब डोक्यात सुरू झाला. डोळे मिटले तर सराव चांगला होतो म्हणून डोळे मिटले. पंधरा-वीस ओळी मी गुडघ्यांवर बिनचूक टाइप केल्या. मध्ये कुणीतरी विचारलं, "बाई, पेटी नागपूरले लावाची न?" मी ओळ न तोडता "हो" म्हटलं. (त्या वेळी मला कुणी "बाई, तुमाले नागपूरले लावाचं न?" असं विचारलं असतं तरी मी "हो"च म्हटलं असतं.)

डोळे उघडले तेव्हा समोर मामा होते, मामांसोबत ठेला होता आणि पेटी नव्हती.

"पेटी कुठी हाय?"

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ओट्याखाली पाहिलं. मग ते "हो" आठवलं. हमालाची काही चूक नव्हती. सौंसरच्या स्टँडवर संत्र्याची पेटी ठेवलेली असली तर ती नागपूरला जायची, यात विचारण्यासारखंही काही नव्हतं. तरी बिचाऱ्यानं विचारलं होतं. एका व्यापाऱ्याच्या पेट्या टपावर चढत होत्या, त्यांतच त्यानं आमचीही चढवली आणि गाडी सुटली.

"मामा, बाबांची सायकल गेली," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

मामा मला रागावले नाहीत. ते थेट रस्त्यावर जाऊन उभे राहिले. नागपूरकडे निघालेला संत्र्याचा ट्रक त्यांनी हात करून थांबवला, ड्रायव्हर ओळखीचा निघाला, "जय भीम" झाला आणि आम्ही वर पेट्यांवर बसलो. ट्रक भरलेला, चढ आला की चालायला लागायचा. दोन बैलगाड्या आणि एक वरात आम्हाला मागे टाकून गेली. माझ्या डोळ्यांपुढे माझी नोकरी नागपूरच्या बाजारात लिलावाला लागली होती.

सीमेवरच्या नाक्याआधीच गाड्यांची रांग लागलेली दिसली. आम्ही उतरून पुढे पळालो. नाक्यावर आमची पेटी नेणारी बस उभी होती आणि बसमध्ये माणूस नव्हता. सगळे प्रवासी बाजूच्या कपाशीच्या शेतात लांब जाऊन उभे होते. नाक्याचे बाबू बाभळीच्या मागे होते. आणि रस्त्याच्या मधोमध, एक कोपरा फुटलेली, आमची पेटी एकटीच पडली होती.

"काय झालं जी?" मामांनी कंडक्टरला विचारलं.

"बेवारस हाय ते. तपासाले वर चढलेल्यानं फटीतून बोट घातलं तं आत लोखंड लागलं. व्यापारी म्हणते, माही नाही. मंग त्या गड्यानं घाबरून वरूनच सोडून देली."

त्या दिवसांत बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून रेडिओवर सारखं सांगत. लोकांनी ते मनावर घेतलं होतं.

"आमची हाय ते," मामा म्हणाले आणि पेटीकडे चालू लागले. शेतातून लोक ओरडले, बाभळीमागून बाबू ओरडले, "अरे, हाथ मत लगाना!" मामांनी फुटक्या कोपऱ्यातून तणसात हात घातला. आत त्यांचा हात कुठल्या तरी खटक्यावर पडला, मशिनीचा वरचा गाडा सरकला आणि ओळ संपल्याची घंटी वाजली.

टिंग.

एवढा मोठा जमाव इतक्या शांतपणे पळालेला मी पुन्हा पाहिला नाही. ओरडायलाही कुणी थांबलं नाही. व्यापारी पळाला, ड्रायव्हर पळाला, बाबू बाभळीवर चढायला लागले आणि बाभळीला काटे असतात हे त्यांना अर्ध्या वाटेत कळलं. खरं सांगायचं तर त्या घंटीच्या आवाजानं मला रडूच फुटलं, पण ते आनंदाचं. घंटी वाजते, म्हणजे मशीन जिवंत आहे!

फळ्या काढल्या. बसच्या टपावरून डांबरी रस्त्यावर पडूनसुद्धा मशिनीला एका बाजूला पोचा आला होता, बस्स. पिस्ता असती तर तिचे तुकडे तणसातून निवडावे लागले असते. मामांनी मशिनीच्या पाठीवर दोनदा थाप मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

काटे काढत बाबू आले. "आपकी है, इसका क्या सबूत?"

"ही चालवून दाखवते न," मामा म्हणाले.

पेटी उलटी घालून तिच्यावर मशीन ठेवली, बाबूंनी कागद दिला आणि मी रस्त्यातच मांडी घालून बसले. सारी बस भोवती गोळा झाली. बाबूंनी मजकूर सांगायला सुरुवात केली. मी जीव तोडून टाइप करत होते. किल्ल्या खोल होत्या, पण अर्धवट दाबलं जाण्याची सोयच नव्हती, त्यामुळे चूकही होईना. सगळी अक्षरं शाबूत होती. पहिला कागद संपल्यावर बाबूंनी दुसरा दिला, मग तिसरा. तिसऱ्या कागदाच्या मध्यावर माझ्या ध्यानात आलं की हा पुरावा नसून त्यांच्या बदलीचा अर्ज आहे. तोही मी पुरा केला. मशीन परत मिळत होती. त्यांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका सांगितली असती तर तीही केली असती.

दिवस मावळायच्या आत मिळाली त्या गाडीनं आम्ही सौंसरकडे परत निघालो. पेटी मी मांडीवर घेतली होती. पाय बधिर झाले, तरी खाली ठेवली नाही. घरी बाबांनी मशिनीभोवती एक चक्कर मारली, पोच्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "हिंदीच हाय न?"

"हिंदीच हाय," मामा म्हणाले. "वाटंत चालवून बी पाह्यली."

दुसऱ्या दिवशी छिंदवाड्यात मला भीतीच वाटली नाही. परीक्षेच्या खोलीत कुणी पळत नव्हतं, कुणी झाडावर चढत नव्हतं. मला तो आरामच होता. मी पास झाले, नेमणूक झाली. हजर झाले त्या दिवशी बाबा आणि मामा कचेरीच्या फाटकापर्यंत सोडायला आले होते आणि दोघांचेही डोळे ओले होते.

आत मोठ्या बाबूंनी माझे कागद पाहिले. म्हणाले, टायपिंगला सध्या माणसं पुरेशी आहेत, पण एक टेबल असं आहे की तिथे फार सावध, डोळ्यांत तेल घालून बसणारं माणूस लागतं, आणि तुम्ही मला तशा दिसता. त्यांनी मला आवक-जावकच्या टेबलाशी नेऊन बसवलं. काय कुठून आलं आणि काय कुठे जातं आहे, यावर नजर ठेवायची, एवढंच काम. मी मान खाली घालून "जी" म्हटलं. सौंसरच्या स्टँडवरच्या हमालाला त्या कचेरीत कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तर माझी नोकरी टिकली.