चुलतीची साक्ष

तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यात काय लिहिलंय, आठवतं? नसेल आठवत तर मीच सांगते: चांगली. गुरुजींच्या टेबलाच्या खणात बेडूक ठेवणाऱ्याचीही चांगली आणि सात वर्षं तोंड न उघडणाऱ्याचीही चांगलीच. या असल्या खोट्या शेऱ्यानं निरगुडसरच्या स्नेहलचं औषध पार आयर्लंडात अडवून धरलं.

स्नेहल चौतिशीची. कॉर्क शहरात औषधांच्या कंपनीत नोंदी तपासायची. डोक्यानं तल्लख, पण एक नोंद अर्धी सोडून दुसरी उघडायची, दुसरी सोडून चौथी. जेवणाचा डबा कपाटात आणि घराची किल्ली फ्रीजमध्ये. वरिष्ठांची लेखी समज दोनदा मिळाली होती. तिसरी आली की नोकरी गेली, आणि नोकरीवरच तिथं राहायचा परवाना. तेव्हा सोबतची एकजण म्हणाली, अगं, हा एडीएचडी असेल. मेंदूची ठेवणच अशी की लक्ष एका जागी टिकत नाही. मोठ्यांनाही असतो, उपचार आहेत. स्नेहलनं त्याबद्दल वाचलं आणि तिला हसूच आवरेना. जन्मभर जिला धांदरट म्हणून हाका मारल्या, तिच्या धांदरटपणाला नाव होतं तर.

चौदा महिने रांगेत काढल्यावर डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, “लक्षणं दिसतायत, पण ती बाराव्या वर्षाच्या आतही होती का, हे कळल्याशिवाय मला निदान करता येणार नाही. शाळेचा शेरा आणा, नाहीतर लहानपणी पाहिलेलं माणूस बोलू द्या.” शेरा तर ठाऊकच आहे. उरली आई, साळुबाई.

ठरल्या दिवशी साळुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून फोनसमोर बसल्या. डॉक्टरीणबाई विचारायच्या, स्नेहल मराठीत सांगायची.

“आई, मी वस्तू हरवायचे का?”

“छ्या. एक पेन्सिल पाच वर्सं पुरवलीस.”

“एका जागी बसायचे?”

“देवावाणी. उठवावं लागायचं. आन् सैपाक, शिवण, समदं येतं म्हणावं. घराण्यात कुणाला आजारपण न्हाई, ते पयलं सांग. बाईला भाऊ हाय का गं?”

स्नेहलनं कपाळावर हात मारला. आपल्याकडं परकं माणूस पोरीबद्दल विचारतंय म्हणजे स्थळाची चौकशी. त्याला अख्ख्या गावाचं एकच उत्तर असतं. साळुबाईंनी भावकीतल्या वीसेक पोरी असल्याच उत्तरांवर उजवल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. “यावर मला काही लिहिता येणार नाही. मंगळवारी वीस मिनिटं देते. दुसरं कुणी आहे का?”

स्नेहलनं आईला सगळं परत समजावलं. साळुबाई अडून बसल्या. “माज्या तोंडून माज्या पोरीला नावं? जमायचं न्हाई.”

“नोकरी जाईल आई. परवाना जाईल.”

साळुबाईंनी पदर कमरेला खोचला.

“मग जिच्या तोंडात नावंच हायती तिला बशीवते,” साळुबाई म्हणाल्या.

म्हणजे अंबाबाई, स्नेहलची चुलती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघी जावांत तीन वर्षं बोलणं नव्हतं. साळुबाई बांध ओलांडून गेल्या, उभ्याउभ्याच म्हणाल्या, “आमच्या स्नेहलच्या खोडी सांगायच्यात. येतीस?”

अंबाबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. “येळ किती हाय?”

मंगळवारी चुलतीनं सुरुवातच झोकात केली. “शेरडं राखाया धाडली, तर शेरडं घरी आली, ही न्हाई. वढ्यात खेकडी धरत बसली व्हती. चौथीत पेपर अर्धा टाकून वाजंत्री बघाया पळाली.”

साळुबाईंचा जबडा हलत होता. तिसऱ्या खोडीला त्यांच्यानं राहवलं नाही. “तुला काय ठावं गं माज्या पोरीचं? ते काईच न्हाई. तिसरीत दप्तर यष्टीत इसरून आली. नवं घेतलं, त्येबी यष्टीत. एका पायात चप्पल घालून घरी आली, दुसरी कुठं म्हणलं तर म्हणती, व्हती का?”

“हौदाचा नळ सोडून इसरली, ते सांग की.”

“ते मीच सांगणार व्हते. मधी बोलू नगं.”

स्नेहल हसत, डोळे पुसत सांगत होती. डॉक्टरीणबाईंचं पेन पुरं पडत नव्हतं. विसाची पन्नास मिनिटं झाली.

मग साळुबाई एकाएकी थांबल्या. “त्या दप्तरापायी लई मारलं गं मी तुला. तेबी लिव म्हणावं.”

“मीबी, एकदा,” अंबाबाई हळूच म्हणाल्या.

निदान झालं. औषध सुरू झालं, आधी थोडं, मग बेतानं वाढवत. एका सोमवारी स्नेहलनं एक नोंद पुरती तपासून मगच दुसरी उघडली, आणि ते सांगायला घरी फोन लावला. आई घरात नव्हती. अंबाबाईंच्या पडवीत दोघी आणखी खोडी आठवत बसल्या होत्या.

औषधाचं कळल्यावर स्नेहलला वेडी म्हणणारे गावात निघालेच. त्यांना मी गाठून जे सुनावायचं ते सुनावलंय. तुमच्याकडं मागणं वेगळं आहे. उद्या कुणी डॉक्टर तुमच्या लेकराचं लहानपण विचारेल, तेव्हा स्थळ आल्यासारखं बोलू नका, घडलं तसं सांगा. आणि तेवढ्यासाठी थांबूही नका. लेकरू चाळिशीचं असलं तरी आजच फोन लावा आणि विचारा: बाळा, तुला काय अवघड जातंय?