साहेबांसाठी साफ केलेली वाट

आमच्या वाडीची वाट सरकारी नकाशात नाही. नकाशा काढणारे कोणत्या साली आले होते कोण जाणे, पण वाडीपर्यंत चढायचा त्यांनी कंटाळा केला असणार, एवढं नक्की. खालच्या रस्त्यावर बसून बोट दाखवत घरं मोजली असतील आणि चहा पिऊन परत गेले असतील. वाट मात्र आहे. कापडे गावाच्या वरच्या अंगाला शाळेच्या मागून ती निघते, सरकारी पडीतून, म्हणजे पडीक जमिनीतून चढते आणि माझ्या काकीच्या अंगणाशी संपते. मी शाळेत याच वाटेने गेले, लग्न होऊन महाडला आले तेव्हा याच वाटेने उतरले आणि शिमग्याला गावची पालखी अजूनही याच वाटेने वर येते.

काही वर्षांपूर्वी पडीला लागून असलेली जमीन मुंबईच्या एका गृहस्थांनी फार्महाऊससाठी घेतली. घेतली तर घेतली, त्याचं काही नाही. पण कुंपण घालताना त्यांनी शेजारची सरकारी पडही आत ओढली आणि पडीबरोबर आमची वाट आत गेली. शाळेच्या मागे लोखंडी फाटक उभं राहिलं. त्याला कुलूप लागलं, आणि किल्ली राखणदाराच्या कमरेला. शिमग्याच्या पालखीपुरतं तेवढं ते उघडतं. राखणदार आमच्या खालच्या वाडीतलाच. माणूस वाईट नाही, पण त्याची चूल त्या किल्लीवर पेटते. आम्हाला उरली ती वहाळाकडून वळसा घालून जाणारी वाट. उन्हाळ्यात ती नुसती लांब पडते. पावसाळ्यात वहाळाला पाणी आलं की तिथून माणूस जाऊ शकत नाही.

एरवी आम्ही कुरकुरत का होईना, वळसा घातला असता. पण तळीयेला दरड कोसळली त्या पावसाळ्यापासून आमची वाडीही धोक्याच्या यादीत आली. दर वर्षी जूनच्या तोंडाला पोलादपूरच्या तहसील कचेरीची नोटीस दारांवर चिकटते: अतिवृष्टी झाल्यास तात्काळ शाळेत स्थलांतर करावे. वाडीत आता म्हातारी माणसंच जास्त. काकीचे मुलगे मुंबईला, ती एकटी, आणि गुडघे असे की अंगणातली पायरी उतरायची तरी भिंत धरावी लागते. ती घर सोडून शाळेत जायला कशीबशी तयार व्हायची, तेही मी महाडहून जाऊन गयावया केल्यावर. तिला सुखरूप खाली आणायचं तर ती वाट हवी. माझं सगळं भांडण एवढ्यासाठी होतं आणि आहे. ज्या कचेरीतून ती नोटीस निघते त्याच कचेरीत आमचा वाटेचा अर्ज पडून होता.

अर्ज मी लिहिला, कारण मी हायस्कूलवर शिकवते आणि गावकीच्या मते ज्याला मराठी शिकवता येतं त्याला सरकारशी बोलता येतं. हा गैरसमज माझाही होता. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, ते ज्याने म्हटलं तो फार आशावादी होता. कधी साहेब निवडणुकीच्या ट्रेनिंगला, कधी गडावरच्या सोहळ्याच्या बंदोबस्तात. मार्चमध्ये गेले तर सगळी कचेरी महाडला, चवदार तळ्यावरच्या गर्दीच्या कामाला. माणसं तळ्यावर येतात ती कशासाठी, हे त्या कारकुनाला विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही, कारण फाइल त्याच्या टेबलावर होती.

शेवटी स्थळपाहणीची तारीख लागली. सर्कल साहेब, म्हणजे मंडळ अधिकारी, स्वतः येऊन वाट बघणार होते. मी गावकीला फोनवर तारीख कळवली आणि निर्धास्त झाले.

आता आमच्या माणसांचं काय सांगावं. साहेब येणार म्हटल्यावर त्यांच्या अंगात आलं. एरवी फाटक बंद, त्यामुळे वाटेवर रान माजलं होतं. त्यातून साहेबांना कसं चालवायचं, म्हणून सगळी वाडी कोयते घेऊन उतरली. पालखीच्या आधी करतात तशी वाट साफ केली. निसरड्या जागी धोंडे बसवून पायऱ्या केल्या, खड्ड्यांत मुरूम टाकला. राखणदाराला कळलं तसं त्यानेही फाटक उघडून दिलं आणि फावडं घेऊन स्वतः कामाला लागला. पाहुणा सगळ्यांचाच, त्याला काय करता. आणि या सगळ्यावर काकीने सुचवलं की शाळेत पंधरा ऑगस्टला आणलेली चुन्याची फक्की उरली असेल, ती वाटेच्या दोन्ही बाजूंना मारा, शोभा येईल.

मी सकाळी पोचले तेव्हा शाळेपासून काकीच्या अंगणापर्यंत पांढऱ्याशुभ्र दोन रेघा गेल्या होत्या. मला ते बघून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. साहेब आले, फार्महाऊसवाल्या शेठांचे वकील आले, पंच आले. साहेब त्या रेघांमधून आरामात चढले, पॅन्टला चिखल लागला नाही. काकीने घावणे केले होते, ओल्या खोबऱ्याची चटणी होती. साहेबांनी मागून घेऊन खाल्ले, ‘आजी, अशी चव पोलादपुरात मिळत नाही’ म्हणाले. काकीला आभाळ ठेंगणं झालं.

पंचनाम्यात त्यांनी लिहिलं: सदर वाट नव्याने आखलेली व अलीकडेच तयार केलेली दिसून येते. पूर्वापार वहिवाटीच्या खुणा आढळल्या नाहीत. त्यावरून तहसीलदारांनी अर्ज फेटाळला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी तडक पोलादपूरला गेले. सर्कल साहेब शांत होते. “मॅडम, मी खोटं काय लिहिलं? ताजा मुरूम होता. फक्की होती. कापलेलं गवतसुद्धा हिरवं होतं.”

“तुमच्यासाठी केलं होतं ते.”

“तसं पंचनाम्यात लिहिता येत नाही.”

“आणि पालखी येते दर वर्षी, ते?”

“त्याचे फोटो आहेत का? जिओ-टॅग असलेले?”

घावणे खाल्लेला माणूस हे विचारतोय, याची मला अजूनही चीड येते. लाच मागितली असती तर निदान कळलं असतं की कुठे अडलंय. या माणसाने काहीच मागितलं नाही. तो नियमाने वागला आणि नियमाने वागून त्याने आमच्या म्हाताऱ्यांना वहाळाकडे ढकललं. त्या सरकारी पडीत कुंपण कसं आलं, हे मात्र पंचनाम्यात कुठेच नव्हतं. ते मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, हद्द ठरवणं मोजणी खात्याचं काम. मोजणीवाले म्हणाले, अतिक्रमण बघणं महसूलचं काम. दोन्ही कचेऱ्या एकाच आवारात आहेत. मधल्या पटांगणात मी इतक्या फेऱ्या घातल्या की तिथे माझ्या वहिवाटीच्या खुणा नक्की आढळतील.

काकीला निकाल सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, “मीच घालवली गो वाट. फक्की मारा म्हणून मीच बोलले.” मी तिला पुष्कळ समजावलं. पण ज्या बाईला पाहुण्याची सरबराई करताना आयुष्यात कधी हात आखडता घ्यावा लागला नाही, तिला त्याच सरबराईने बुडवलं होतं. त्या दिवसानंतर साहेब हा शब्द ती तोंडातून काढेना.

आम्ही महाडला प्रांत साहेबांकडे अपील केलं. तिथून फेरपाहणीचा हुकूम निघाला. या खेपेला मी गावकीची बैठक बोलावून बजावलं की वाटेवरच्या काडीला कुणी हात लावायचा नाही. माणसं नाराज झाली. साहेबांच्या पायाखाली काटाकुटा ठेवायचा म्हणजे कसंसंच वाटतं, असं एक म्हातारा म्हणाला. पण माझं ऐकलं. पाऊस संपता संपता पाहणी लागली तेव्हा गवत कमरेपर्यंत आलं होतं.

आधीच्या सर्कल साहेबांची बदली झाली होती. नवे तरुण होते, पायात चांगले बूट होते. ते फाटकाशी उभे राहिले, गवताकडे बघितलं, मोबाईलवर फोटो काढले. एक पाऊल आत टाकलं आणि मागे घेतलं. “इथे तर वाट वापरात असल्याचं दिसत नाही,” ते म्हणाले.

माझा तोल गेला. शाळेत मुलांवर ओरडते त्याहून मोठ्याने मी ओरडले असेन. “कुलूप लावल्यावर वापर कसा दिसेल? साफ केली तर नवी, नाही केली तर बंद. मग साहेब, वाट कशी दिसली म्हणजे ती तुम्हाला वाट वाटेल, ते एकदा सांगा. तशी करून ठेवतो.”

त्या मुलाने खरोखर विचार केला. टिंगल नव्हती त्याच्या चेहऱ्यावर. मग म्हणाला, “मॅडम, वाट वहिवाटीची दिसली पाहिजे.”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा सुशिक्षित मुलगा. मी त्याला नमस्कार केला आणि शाळेच्या ओट्यावर जाऊन बसले. पहिल्या पंचनाम्याची जबाबदारी कुणाची, हे मी माहितीच्या अधिकारात विचारलं. उत्तर आलं की संबंधित अधिकारी सध्या या कार्यालयात कार्यरत नाहीत. म्हणजे साहेब गेले, आणि त्यांचं लिहिणं मात्र राहिलं.

अपील अजून चालू होतं, तोवर पुढचा पावसाळा आला. जुलैत पावसाने जे धरलं ते सोडेना. मी वहाळ भरायच्या आधी वर जाऊन पोचले होते, काकीला खाली न्यायचं म्हणून. ती नाही म्हणत होती. दुपारी वहाळाचा आवाज घरात ऐकू यायला लागला आणि तलाठ्यांचा फोन आला. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण वाडीत ते अजून तलाठीच आहेत.

“मॅडम, सगळ्यांना घेऊन शाळेत या. लगेच निघा.”

“कुठून येऊ? वहाळ भरलाय.”

“वहाळाकडे जाऊच नका. तुमची ती नेहमीची वाट आहे ना, फाटकातली, तिथून या. मी फाटक उघडून घेतो.”

नेहमीची वाट. त्या पावसात भांडायला वेळ नव्हता.

काकीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी उचललं. कमरेएवढ्या गवतातून, मागच्या वर्षी बसवलेल्या धोंड्यांवर पाय ठेवत आम्ही उतरलो. तेच धोंडे नसते तर खुर्ची सांभाळता आली नसती. खाली तलाठी रेनकोट घालून फाटक धरून उभे होते, राखणदार बाजूला. काकीने खुर्ची खाली ठेवायला लावली, ऐन फाटकात, भर पावसात.

“भाऊ,” ती तलाठ्यांना म्हणाली, “ही वाट हाय का नाय, आधी सांगा.”

“आहे आजी. चला आता.”

“मग लिवून द्या.”

“ते माझ्या हातात नाही, आजी. माझ्या हातात फक्त तुम्हाला खाली आणणं आहे.”

माणूस खरं बोलत होता. भिजून चिंब झाला होता आणि सकाळपासून जेवला नसावा. त्याच्यावर रागावताही येईना, याचाच मला जास्त राग आला. काकीने हातानेच चला म्हटलं.

शाळेत आमचे फोटो निघाले, खिचडी मिळाली, नावं लिहून घेतली. पाऊस ओसरला, वाडी जागच्या जागी होती. घरी जायला निघालो तर फाटकाला कुलूप. राखणदार मान खाली घालून म्हणाला की शेठांचा फोन आला होता. संकटापुरतं उघडलं, ते संपलं. मी तलाठ्यांना फोन लावला. त्यांनी दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून म्हणाले की आपत्तीचा आदेश मागे घेतलाय, आता त्यांना खाजगी फाटक उघडायला सांगता येत नाही.

खुर्ची पुन्हा उचलली आणि वहाळाकडे वळलो. पाणी उतरलं होतं, तरी मांडीपर्यंत होतं. मधोमध एकाचा पाय सरकला, खुर्ची कलंडली आणि काकी एका कुशीवर पाण्यात गेली. दोघांनी तिला धरून काढलं. लागलं नाही फारसं, कोपर सोलवटलं. पलीकडच्या काठावर पदर पिळत ती बसली. मी रडत होते, ते तिने बघितलं.

“तुला एक सांगते, रागवू नको,” ती म्हणाली. “दरड पडायची ती पडो. परत मी खाली यायची नाय.”

मी रागावले नाही. तिला खाली न्यायला मला वाट नाही आणि तिला परत घरी पोचवायलाही नाही. अपिलाची पुढची तारीख ऑगस्टमधली आहे. काकी हट्टी आहे, बोलते तसं करते.