बेअरिंगची गाडी

पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. कडूबा स्टेशनवरून गुलमंडीला कापडाच्या गाठी हातगाडीनं पोचवायचा. म्हणजे पुढं दोर अंगाला बांधून त्याची बायको साळूबाई ओढायची आणि हा मागून ढकलायचा. गडी कामाला वाघ, पण नव्या गोष्टीचा भारी सोस!

जुनी गाडी लाकडी चाकांची, कुरकुरणारी. चार गाठी टाकल्या की जीव काढायची. पण एक होतं, हात काढला की जागच्या जागी उभी, अगदी उतारावरसुद्धा. थांबायचं झालं की साळूबाई "थांबवा" म्हणायची, कडूबा हात सोडायचा आणि दोघं घाम पुसायची. इतक्या वर्षांत ब्रेक म्हणून तेवढंच ठाऊक.

मग छावणीतल्या कमरोद्दीन मिस्त्रीनं मोडीत निघालेल्या जीपची चाकं, बेअरिंगसकट, गाडीला बसवून दिली. "देख कडूबा, एक उंगली से चलती!" आणि चालली की! जोर तेवढाच, पण गाडी पळायला लागली. कडूबा हरखून गेला. पहिल्याच दिवशी त्यानं चाराच्या जागी आठ गाठी चढवल्या.

"आवो, लई झालं," साळूबाई म्हणाली.

"चाक फिरतंय ना भिरभिर? मग वजन कुठं ऱ्हायलं?"

वजन कुठं जातंय, कपाळ! चाक सुधारलं, माल काही हलका झाला नाही. माल दुप्पट, तर वेग द्यायला जोर दुप्पट आणि घेतलेला वेग मोडायलाही दुप्पट. जुनं चाक तो मोडायचा जोर स्वतःच लावत होतं, म्हणून तर कुरकुरायचं. पण हे कडूबाला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी ऐकलं असतं थोडंच.

पैठण गेटच्या अलीकडं उतार लागला. दोर सैल पडला. साळूबाई भरभर चालू लागली, मग धावूच लागली, गाडी तिच्या टाचेशी. कडूबानं मागून दांडी धरून सगळं अंग मागं टाकलं, पाय सोलून निघाले, तरी वेग वाढतच होता.

"थांबवा!" साळूबाई किंचाळली. दोर अंगाला बांधलेला, तिला बाजूला होता येईना.

आणि कडूबानं हात सोडले.

गाडी तिला घेऊन एका दुकानाच्या ओट्यावर आदळली. लोकांनी गाठी उपसून तिला बाहेर काढलं, टांग्यात घातलं. ती शुद्धीवर होती, पण कमरेखालचं तिला काही कळत नव्हतं. कडूबा टांग्यात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

"आवो," ती म्हणाली, "म्या थांबवा म्हणलं. तुमी सोडली व्हय?"

"थांबवायलाच सोडली गं!"

तिनं मान जराशी हलवली. टांगेवाला मागं वळून बघत होता. दवाखाना यायच्या आत ती गेली. ती मान समजलं म्हणून हलली का नाय म्हणून, हे कडूबा मरेपर्यंत त्या टांगेवाल्याला विचारत राहिला.