पुतळ्याचे तिरळे डोळे

"हे डोळे कोणी बदलले?" इंगा मॅडमनी इंग्रजीत विचारलं. गोखिवऱ्याच्या आमच्या गाळ्यात सगळ्यांचे हात थांबले. मी नखं खायला लागलो.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. माझा फायबर ग्लासचा कारखाना. बागेतल्या घसरगुंड्या, पाण्याच्या टाक्या, असला माल. त्यात ही एक्स्पोर्टची ऑर्डर आली. मॅडम लिथुआनियाच्या, शिल्पकार. सोव्हिएत राजवटीत त्यांच्या गावच्या चौकात एका नेत्याचा नऊ फुटी पुतळा होता. छाती बाहेर, हात पुढे. राजवट गेली, पुतळा काढला, चौथरा रिकामा राहिला. त्यावर त्यांना त्याच नेत्याची टिंगल उभी करायची होती. गुलाबी कोट, तिरळे डोळे आणि पुढे केलेल्या हातावर वाळत घातलेल्या चड्ड्या. नगरपालिकेने चौथरा एकाच महिन्यासाठी दिला होता. शनिवारचा कंटेनर चुकला की सगळं मुसळ केरात. आणि आज गुरुवार.

डोळे बदलले होते मोरूकाकांनी. आमचे पेंटर. खाडीकाठच्या गावचे, दरवर्षी गणपती रंगवणारे. मूर्तीच्या कामात डोळ्यांची आखणी, म्हणजे बुबुळं रंगवणं, अगदी शेवटी होते. एकटा जाणता माणूस ती करतो, मध्ये कुणी बोलायचं नाही. म्हणून मीही काकांनी ओढलेल्या पडद्याआड डोकावलो नव्हतो. चूक माझीच. काकांनी डोळे इतके प्रेमळ केले होते की चड्ड्यांसकट त्या नेत्याला हात जोडावेसे वाटत होते. पायाशी जास्वंदीचं फूलसुद्धा होतं.

"काका, मॅडमनी दिलेल्या फोटोत तिरळे होते ना?"

"फोटो चुकला असेल म्हनून सरळ केले. मूर्ती कुनाची पन असो, शेट, मी डोळा वाकडा काढनार नाय."

दुसरा पेंटर आणतो, असं मी मॅडमना म्हणालो. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि काकांसमोर स्टूल ओढून बसल्या. मग बोलायला लागल्या. मी वाक्यावाक्याने मराठीत सांगत गेलो. त्यांचे वडील शाळेत संगीत शिकवायचे. त्या पुतळ्याखाली उभं राहून त्यांनी एक विनोद केला. कुणीतरी वर कळवलं. नोकरी गेली. त्यानंतर ते घरातही कधी मोठ्याने हसले नाहीत.

"मला त्यांना त्याच जागी हसताना बघायचंय," मॅडम म्हणाल्या.

काका ब्रश पुसत बसले. मी येरझाऱ्या घालत होतो, घड्याळ बघत होतो.

"बाप हाय अजून?"

"आहेत. ऐंशीचे," मी मॅडमना विचारून सांगितलं.

"मंग हे आदी सांगायचं ना!" त्यांनी फूल उचललं आणि पडदा ओढला.

तासाभराने पडदा सरकला. डोळे तिरळे नव्हतेच. दोन्ही बुबुळं पुढे केलेल्या हाताच्या बाजूला, कोपऱ्यात सरकली होती आणि नेता धास्तावून स्वतःच्या चड्ड्यांवर पहारा देत होता. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

कंटेनर गेला. काही महिन्यांनी एक पाकीट आलं. फोटोत पुतळ्याखाली एक म्हातारा, दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा. मागे मॅडमनी लिहिलं होतं, 'बाबा हसले. आधी कुणी बघत नाही ना ते पाहिलं, मग हसले.'

मोरूकाकांनी फोटो बराच वेळ हातात धरला. "आता कोन काय करनार हाय त्यांना?" ते म्हणाले.

तेव्हापासून ऑर्डर घेताना मापं लिहायच्या आधी मी विचारतो, हे कुणासाठी करताय? गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.