माफ करा, बाई

कोंबडी उचलण्याआधी तो तिच्यासमोर उकिडवा बसायचा, दोन्ही हात जोडायचा आणि म्हणायचा, "माफ करा, बाई." मग पोटाखाली हात घालून तिला अलगद उचलायचा. ताडमाड उंच अमेरिकन, कणसाच्या शेंडीसारखे पिवळे केस, आणि समोर आमची गावठी कोंबडी. तीसुद्धा मान वाकडी करून त्याच्याकडं बघत राहायची.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचा राग करायला एकही कारण सापडत नाही आणि त्यामुळंच जास्त राग येतो. माझ्या वाट्याला हा आला. मनातल्या मनात मी त्याला कणीस म्हणायचे.

शिरूरहून दौंडला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमची वस्ती. माझं नवं नवं लग्न झालेलं. नवरा दौंडला रेल्वेत खलाशी, आठवड्यातून एकदा घरी यायचा. एरवी घरात मी आणि सासूबाई, म्हणजे आत्याबाई. आमचं धनगराचं घर, पण मेंढरं विकून रानात स्थिर झालेलं. हा पोरगा त्याच्या सरकारनं तालुक्यात कोंबडीपालन शिकवायला दोन वर्षांसाठी पाठवलेला, आणि आमच्याच पडवीत राहिला. पुण्यात शिकवणी लावून मराठी शिकलेला, त्यामुळं छापल्यासारखं बोलायचा.

पहिल्याच दिवशी आत्याबाईंच्या पायाला हात लावून म्हणाला, "आई, आपण कशा आहात?"

झालं. मी चार महिने रोज वाकून नमस्कार करत होते, त्याचं कुणाला काही नाही. ह्याला लगेच, "बस लेकरा, दमला आसशील."

लेकरा! मला त्या 'आगं ए' म्हणायच्या. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. सासरी दुसरी मिळेल अशा आशेनं मी आले होते. मिळाली, पण ती ह्या कणसाला.

त्यात त्यानं भाकरी शिकून घेतली. पहिल्या दोन फाटल्या, तिसरी टम्म फुगली. माझी तव्यावर टाकली की कडेनं भेगा. आत्याबाई त्याची भाकरी हातावर घेऊन शेजारणीला दाखवायला गेल्या. "परदेशातनं येऊन शिकलं बाई. आन् आमची ही, जन्मली ज्वारीत, तरी बघा."

मग मी काय करावं? अठरा वर्षांची शहाणी मी. त्याच्या ताटात ठेचा वाढला, तोही आमच्या घरचा गडीसुद्धा पाणी मागेल असा. त्यानं सगळा खाल्ला. डोळ्यांतून धारा, नाक लाल, आणि म्हणतो, "फार सुंदर आहे." आत्याबाई धावत आल्या आणि दुधावरची अख्खी साय त्याच्या वाटीत घातली. ती साय माझी होती.

माझं एकच हत्यार होतं, नक्कल. विहिरीवर बाया जमल्या की मी पदर खोचायचे, ढांगा टाकत यायचे, घागरीपुढं हात जोडून म्हणायचे, "माफ करा, बाई. आपण कशा आहात? मी आपणांस उचलत आहे." बाया पोट धरून हसायच्या. एकदा एकीची घागर हसता हसता विहिरीत गेली.

लढाईचं आम्हाला कळलं ते आत्याबाईंमुळं. तिन्हीसांजेला अंगणात शेंगा फोडता फोडता त्यांनी विचारलं, "तुझी आय तुला माघारी बोलवत न्हाई का रं?"

"आई बोलावत नाही. सैन्य बोलावणार आहे," तो म्हणाला. "व्हिएतनाममध्ये आमचे युद्ध चालू आहे. तिथले लोक दिवसा भात लावतात आणि रात्री झाडीतून गोळ्या मारतात."

"त्यांनी तुमचा बांध रेटला?"

"नाही, आई. त्यांचा देश आमच्यापासून फार दूर आहे."

"मग गुरं घातली पिकात?"

"नाही. ते कम्युनिस्ट आहेत. ते म्हणतात, जमीन सर्वांची."

आत्याबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "मेंढरं घेऊन हिंडायचो तवा आमी बी म्हणायचो, पडीक रान सगळ्यांचं. मग आमच्यावर बी येशील का रं बंदूक घेऊन?"

तो हसला नाही. "माझ्या देशातही पुष्कळ लोक रस्त्यावर येऊन असेच विचारतात."

"आन् तू हितं पळून आलास व्हय?"

"कदाचित," तो म्हणाला आणि शेंगा फोडत राहिला.

सरकारच्याच कामावर इथं होता तोवर सैन्य त्याला बोलावणार नव्हतं. दोन वर्षं भरून घरी पोचला, की बोलावणार. हे कळलं आणि आत्याबाईंनी त्याचं दूध वाढवलं. त्या व्हिएतनामातल्या लोकांना काय ठाऊक, त्यांच्यापायी शिरूर तालुक्यात एका सुनेची साय कायमची बंद झाली!

दोन वर्षं सरत आली. मी खूश. तर आत्याबाईंनी काय करावं? त्यानं आणलेल्या पांढऱ्या इलायती कोंबड्या अंडी भरपूर घालायच्या, पण त्यांवर बसायच्या नाहीत. पिल्लं काढायची तर ती अंडी खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली ठेवावी लागत. आत्याबाईंनी एक कोंबडी बसवली आणि त्याला म्हणाल्या, "एवढी पिल्लं निघू दे, मग जा. शिकवणारानं अर्ध्यात सोडून जायचं नसतंय."

त्यानं पुण्याला त्याच्या ऑफिसात कळवून मुदत वाढवून घेतली. पिल्लं निघाली. दुसऱ्या दिवशी बघते तर दुसरी कोंबडी अंड्यांवर! "हिची बी होऊ दे, लेकरा."

सबंध वस्तीत त्या पिल्लांची माझ्याइतकी वाट कुणी पाहिली नसेल. मी रोज सकाळी डालगं उचलून अंडं कानाला लावायचे. आत टकटक ऐकू आली की मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या, चालला बाई एकदाचा!

दुसरी पिल्लंही निघाली आणि तिसरी कोंबडी काही खुडूक होईना. आत्याबाई घरोघर विचारत फिरल्या. त्याच आठवड्यात नवरा दौंडहून दोन दोस्त घेऊन आला. कोंबडा कापायचा ठरलं. दोस्तांना गंमत सुचली. "सायेब कोंबड्यांचे मास्तर हायेत. सायेबच कापतील."

त्यानं सुरी घेतली. कोंबड्यापुढं बसला, हात जोडले, "माफ करा," म्हणाला आणि पुढं काही होईना. हात लटपटायला लागले. दोस्त हसत होते. मी पुढं झाले, सुरी घेतली आणि एका दमात काम उरकलं. "येवढं बी जमंना!" म्हणत आत्याबाईंकडं पाहिलं. आज तरी शाबासकी मिळेल.

त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्याच्या हातांकडं बघत होत्या. "ह्या हातात तिकडं बंदूक देणार हायेत," एवढंच म्हणाल्या.

मग मीही बघितलं. सुरी माझ्याकडं आली होती, तरी त्याचे हात लटपटतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पलीकडच्या वस्तीवरच्या मैत्रिणीकडं गेले आणि तिची खुडूक कोंबडी पदराखाली घालून आणली. सगळ्या वाटेनं ती मला टोचत होती. पांढरी अंडी निवडली, कोंबडी बसवली, वर डालगं झाकलं. मागं आत्याबाई उभ्या. आता तरी काही बोलतील?

"कोंबडीला पाणी ठेवलंस का गं?" म्हणाल्या आणि गेल्या.

ती पिल्लं निघायच्या आतच पुण्याहून जीप आली. आणखी मुदत नाही, म्हणाले.

दौंड स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. आत्याबाईंनी विणकराकडून करून घेतलेली घोंगडी आपल्या हातानं त्याच्या खांद्यावर टाकली. उन्हाचा घामानं निथळत होता, पण त्यानं ती काढली नाही. त्यांच्या पाया पडला आणि माझ्याकडं वळला.

"वहिनी, तुम्ही माझी नक्कल फार छान करता."

मी आत्याबाईंच्या मागं सरकले.

"मी विहिरीजवळून जाताना पुष्कळदा ऐकली आहे. आता एकदा करून दाखवा ना."

मला येईना. विहिरीवर दहा बायांपुढं यायची, ती त्याच्या एकट्यापुढं येईना. मी पदर तोंडात धरून उभी राहिले आणि गाडी हलली. घोंगडीसकट तो दारात उभा होता, हात जोडून. ओठ हलत होते. काय म्हणत असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

पिल्लं निघाली. त्याचं एकच पत्र आलं, 'आई, वहिनींची पिल्ले कशी आहेत?' आम्ही शाळेतल्या गुरुजींकडून उत्तर लिहून घेतलं. पुन्हा काही आलं नाही. तो लढाईवर गेला की आणखी कुठं पळून गेला, जगला की नाही, काही कळलं नाही. पुढं रेडिओनं सांगितलं, तो मोठा देश हात हलवत घरी गेला. आत्याबाईंनी नवऱ्याला बजावलं, "दौंडात गोरा दिसला की आपल्या लेकराचं इचार."

"आये, गोरी माणसं सगळी एका गावची नसत्यात."

"इचारायला काय जातंय तुझं?"

वर्षं गेली. आज आमच्या रानात नातवाची लांबलचक शेड आहे, कंपनीच्या पिल्लांची. कुरकुंभच्या कारखान्यातली शिफ्ट करून येऊन तो ती बघतो. तिथं कुणी कोंबडीची माफी मागत नाही.

आत्याबाई जाण्याआधी त्यांची नजर गेली होती. एका दुपारी मी भरवायला बसले, तर त्यांनी मान उचलली. "लेकरा, आलास का रं?"

चाळीस-एक वर्षं गेली, तरी मला तोच जुना राग आला. मी उशाशी भाकरी भिजवून भरवतेय आणि वाट कुणाची, तर कणसाची!

मग मी घसा साफ केला. दौंड स्टेशनवर राहिलेली नक्कल केली.

"हो, आई. मी आलो आहे. आपण कशा आहात?"

त्यांचा चेहरा असा काही सैल झाला. "बंदूक न्हाई ना घेतलीस?"

"नाही, आई. मला जमले नाही."

त्यांनी माझा हात चाचपला. बोटं बांगड्यांवर आली, थांबली. त्यांना कळलं असणार. मला वाटलं, आता हात झिडकारतील. त्यांनी तो घट्ट धरला.

"जेवलास का लेकरा?" म्हणाल्या.

त्यातलं अर्धं 'लेकरा' मी ठेवून घेतलंय. अर्धं त्याचं आहे, बाजूला काढून ठेवलंय. आला तर नेईल.